पाच दिवसांचं काम

सांगा मंडळी — चूक कळली, पण तोवर पाच दिवस घाम गाळून झालेला असला, तर काय करावं? रेटावं पुढं, की फिरावं मागं? ऐका तर.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मृणाल खोत राहायची. कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. भातकापणी आठ दिवसांवर! आणि कापणीत फुरसं चावतं, ठाऊक आहे ना? तालुक्याचे डॉक्टर पेडणेकर तिला म्हणाले, "कुठल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची किती इंजेक्शनं शिल्लक, ते मोबाईलवर दिसायला हवं. पेशंट भलतीकडे गेला की संपलं! आठ दिवसांत द्याल?"

"देते!"

पायथन भाषेत करायचं ठरलं. हसू नका — सापाच्या औषधाला अजगर! तर पायथनमध्ये वेबसाइट उभारायला तयार सांगाडे मिळतात. फ्रेमवर्क म्हणतात त्यांना. त्यांतला एक जँगो — लॉगिन, नोंदी भरायची पानं, सगळं आयतं. दुसरा फ्लास्क — हलका, सुटसुटीत. लागेल ते आपण जोडायचं. दोन्ही चांगलेच हो! पण हिच्या मनात आलं — आयतं घेतलं तर माझी हुशारी कुठं दिसणार? घेतला फ्लास्क!

पाच दिवस खपली. सहाव्या सकाळी केंद्रात दाखवायला गेली. केंद्रांचा नकाशा काय देखणा! तिथल्या सुलभा गुरव सिस्टर म्हणाल्या, "छान आहे हो ताई. पण मी एक इंजेक्शन वापरलं, तर ते कमी कुठं करायचं?"

ते पान झालंच नव्हतं. लॉगिनही अर्धं.

बाहेर पायरीवर बसली. उरले तीन दिवस. मन म्हणतंय — रेट, होईल! पाच दिवस पाण्यात घालतेस? आणि नाही झालं तर? ... कुणाचा जीव जाईल! तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, माझं चुकलं. मला मिरवायचं होतं. पुन्हा पहिल्यापासून करते, जँगोत."

डॉक्टरांनी एवढंच विचारलं — "वेळेत होईल?"

"साधं होईल. पण सिस्टरना वापरता येईल."

नकाशा गेला, रंग गेले! तिसऱ्या संध्याकाळी उभी राहिली नुसती एक यादी — केंद्राचं नाव, शिल्लक किती.

कापणीच्या दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, शेवंती धुमकला फुरसं चावलं! दिरानं रिक्षात घातली, निघाले जवळच्या केंद्राकडे. वाटेत त्यानं मोबाईलवर ती यादी उघडली — शून्य! शेवटचं इंजेक्शन सकाळीच संपलेलं, सिस्टरनी तिथल्या तिथं नोंदवलेलं.

"वळव रिक्षा! खाडीपलीकडं चौदा आहेत!"

वळली रिक्षा. पोचली. शेवंती वाचली, मंडळी!

आता तुमचं बोला. इतके दिवस घातले म्हणून काय काय ओढत नेताय? 'माझं चुकलं' म्हणायचा एक फोन राहिलाय ना तुमचाही? उठलात की आधी तो लावा. देवाचं नाव त्यानंतर घेतलंत, तरी तो रागवायचा नाही!