आईचं शहाळं आणि कुमारचा पडदा

नाही, तुम्हीच सांगा, माणसांपेक्षा प्लास्टिकची नळी शहाणी निघावी? पण निघाली! आईच्या किडन्या गेल्यापासून आठवड्यातून दोनदा तिला पनवेलहून वाशीला डायलिसिसला नेतो. तिथल्या मशीनवाल्या कुमारने पहिल्याच दिवशी नळी दाखवली. आत केसासारख्या पोकळ दोऱ्या, त्यांची साल म्हणजेच पडदा, आणि त्या पडद्याला डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक भोकं. "रक्त आतच राहतं, घाण पलीकडे जाते. जास्तीचं पोटॅशियमसुद्धा. ते अंगात साचलं तर हृदय बंद! शहाळ्यात तेच ठासून भरलेलं, म्हणून शहाळं एक घोटही नाही." मी आठवीत शाळा सोडलेला, मला कळलं. पडद्याला तर कळतंच! मग आमच्या नातेवाइकांना का कळू नये?

आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, कबूल. पण शहाळंच? उरणहून दयाराममामा आला, दोन्ही हातांत शहाळी, काखेत कोयता! "आरं, मशीननं रगत तापतं. शहालं थंड." मी म्हटलं, मामा, डॉक्टर नको म्हणालेत. "डाक्टरला काय कलतं? माजी बहीन हाय ती!" शेजारच्या सुनीतावहिनी तर... "आम्ही पथ्य जाणतो हो, म्हणून मलईचं नाही आणलं, नुसतं पाण्याचं आणलं!" आता कुठे कपाळ आपटू?

आणि आई! तिला दिवसाचं पाणी मोजून. ओठ सुकलेले, हात पुढे... "एकच घोट रे." मला लहानपणापासून मोठ्यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही हो, जीभच वळत नाही. पडद्याला कळतं, आणि तो लाजतही नाही!

मामाने शहाळं छाटलं, आईच्या हातात देणार, इतक्यात मी हिसकावलं आणि उभ्या उभ्या घटाघटा पिऊन टाकलं! मामा कोयता आपटून ओरडला, "आयचं पानी पोरगा पितो? लाज नाय वाटत?" झालं, उरणपर्यंत माझी कीर्ती! आता लोक काय करतात माहितीये? दोन आणतात! "एक आईला, एक या हावऱ्याला, म्हणजे हिसकावणार नाही." म्हणजे मला दोन्ही प्यायची! रविवारी बारा प्यायलो, बारा!

परवा रिपोर्ट आला, पोटॅशियम अगदी ठीक. कुमार म्हणाला, "वा! शहाळी कशी अडवलीस रे?" काय सांगू त्याला? पडद्याला कळतं, म्हणून तो नको ते पलीकडे सोडतो आणि वापर झाला की त्याला आईच्या पुढच्या खेपेसाठी धुऊन जपून ठेवतात... मला मात्र मुतारीच्या रांगेत कोणी पुढेसुद्धा सोडत नाही!