दानीअण्णांनी चपला काढल्या

पाळकसाहेब, बंधू-भगिनींनो, दानीअण्णांच्या शोकसभेला एवढी माणसं जमलात. आधी मीच बोलतो, कारण फाटकापाशी दोन मोटारसायकली सुरूच ठेवल्यात, त्या मला ऐकू येतायत. आणि दानीअण्णांचा मुलगा शमू अजून दारातच उभा आहे. पायात चपला घालून.

दानी आणि मी एका बाकावरचे. गुरुजी वर्गाकडून कविता तालावर म्हणून घ्यायचे. सगळ्यांत मोठा आवाज दानीचा, सगळ्यांत मोठा रागही त्याचाच. शेवटच्या ओळीला आवाज खाली आणा रे, गुरुजी म्हणायचे. दानीला ते कधी जमलं नाही. डोळे मिटले की तो वर्ग अजून घुमतो माझ्या कानात.

पुढं तो प्रार्थनेत रमला आणि त्यानं एक सवय लावून घेतली. राग आला की चपला काढायच्या. जोडीनं कडेला ठेवायच्या. अनवाणी उभं राहायचं, आणि मगच बोलायचं. तेही राजारामपुरीत, भर गल्लीत! पहिल्यांदा भाजीवाल्या मावशी ओरडल्या, "अण्णा, चप्पल नगासा उचलू, जाऊ द्या की!" हा म्हणाला, "मारत न्हाय वो मावशी, ठेवतोय." गल्ली हसली.

मी विचारलं, हे काय रे नवीन? म्हणाला, "राग आला की देव समोरच उभा असतो. त्याच्यापुढं पायात घालून कसा बोलू? संयम हे पवित्र आत्म्याचं फळ म्हणतात. माझ्या झाडाला रोज पाणी घालावं लागतंय, एवढंच."

गेल्या आठवड्यात दारात गाडी लावण्यावरून वाद झाला. समोरच्या इमारतीत नवीनच राहायला आलेला तरुण. नाही नाही ते बोलला. दानी खाली वाकला. भांडणात माणूस चपलेला हात घालतो तो कशासाठी, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला हवं? त्या तरुणानं ढकललं. दानीचं डोकं पायरीवर आपटलं. "मला वाटलं, मारतोय," पोलिसांपुढं तो एवढंच म्हणत राहिला.

आज त्याला जामीन झाला. तो घरी आलाय. मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे, त्या फाटकातल्या पोरांनाही ठाऊक आहे.

मघाशी शमू मला म्हणाला, "काका, संयम ठेवून पप्पांना काय मिळालं? मरणच की!"

शमू, ऐक. मी धावत आलो तेव्हा एक चप्पल दानीच्या हातात होती आणि दुसरी भिंतीकडेला सरळ ठेवलेली. मारणारा माणूस अशी ठेवतो का रे? जन्मभर खाली न आलेला तो आवाज शेवटच्या ओळीला खाली येत होता. ती ओळ तू ओरडून संपवू नकोस.

मंडळी, उठा. आपण सगळे अनवाणीच आहोत. पण दानीसाठीची दोन मिनिटांची शांतता इतक्यात सुरू करायची नाही. शमू, बाळा, चपला काढ आणि आत ये. तू आलास की सुरू करू.

घाई नाही. आम्ही उभे आहोत.