रामाकोन्याच्या विहिरीची बातमी

—बस ना प्रणाली, उभ्याउभ्या कायले बोलतं? हाव, खुर्ची मोठी आहे आता, कंपनीचा जनसंपर्क अधिकारी म्हणतात मले. पण तुझ्या बाबाले विचार — सौंसरातून नागपूरच्या पेपरले बातम्या पाठवणारा हेमराज दिसला का साहेबलोक रस्ता बदलत. आता मीच — जाऊ दे. चहा घे.

चंद्रकलाबाईच्या विहिरीचं विचारून राहिली ना? मी गेल्तो रामाकोन्याले. तुझ्या आधी गेल्तो. बाई म्हणे, भाऊ, रात्री कंपनीचे टँकर नाल्यात पाणी सोडतात, तवापासून विहिरीच्या पाण्याले वास येते, बकऱ्या मेल्या, नातवाच्या अंगावर फोड आले. वाकून पाह्यलं — जांभळट पाणी, वर साय धरल्यासारखं. पहिलेचा असतो तर तिथंच ओट्यावर बसून बातमी लिहिली असती. हापिसात आलो आन कंपनीचं पत्रक लिहिलं, पाणी पिण्यालायक आहे. भाषा अजून चांगली आहे माझी — नको पाहू अशी, बेटा.

काहून लिहिलं? वसंतले विचार — म्हणजे, त्याले आता कसं विचारतं! तुझ्या आधी तुझ्याच पेपरात होता, पांढुर्ण्याचा. तोही ह्याच विहिरीसाठी आल्ता, इथंच बसला. मी लय समजावलं. हसून म्हणे, भाऊ, रविवारी छापून येते. शनिवारी मोटरसायकलनं घरी जाताना गेला. श्रद्धांजली मीच लिहिली, कंपनीचे सेठ म्हणाले मन लावून लिहा. त्याच्या बायकोनं, वंदनावहिनीनं, ते कात्रण फ्रेम करून लावलं, म्हणून मी त्या घरी जात नाही. किती सावकाश चालवे गाडी तो — पण टँकरनं दिवेच बंद केल्ते ना, त्याले दिसन कसं —

काय? हाव, पेपरात अनोळखी वाहन होतं. तेच. अनोळखी वाहन. टँकर म्हटलं का मी?

मोबाइल उलटा काहून ठेवला तू? ... रेकॉर्डिंग चालू आहे ना? नाही, बंद नको करू. पर्समधी टाक. आन हळू ऐक — स्कूटी इथंच राहू दे. समोरून नागपूरची बस मिळते, तिच्यात बस, गर्दी असली तरी बस. बाबाले फोन कर, आज घरी येत नाही म्हण. जिन्यात कोणी येऊन राहिलं, सेठचा माणूस असन. चाल, ऊठ —

या, वीरेंद्रभाऊ, या. काही नाही, मॅडम निघूनच राहिल्या. — तर मॅडम, पाणी पिण्यालायक आहे. कंपनीचं म्हणणं एवढंच. निघा तुम्ही.