गुर्जींचं खोटं

अरे, भोरला आमच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात ओळखीचा खेळ होता. स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी सांगायच्या, एक खोटी. बाकीच्यांनी खोटी ओळखायची.

वेल्ह्याच्या डोंगरातले जाधव गुर्जी उठले. "शाळेत एकच पोरगी हाय. मधल्या सुट्टीत म्या तिच्यासंगं लंगडी खेळतो. आन् मला तिथं लई करमतं."

मी ओरडलो, "लंगडी खोटी! गुडघे बघा गुर्जींचे!"

"न्हाई वो, लंगडी खरी हाय," म्हणाले आणि बसले.

मग कुणी हसलंच नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं रजा टाकून त्यांच्या शाळेत गेलो. परिपाठाला पोरीच्या मागं रांगेत उभे राहिलो. मी पुढच्याच्या कानात काहीतरी कुजबुजलो.

पोरगी वळली. "ओ सर, रांगेत बोलायचं न्हाई. भाईर व्हा!"

मी गुर्जींकडं बघितलं.

"व्हा की," ते हसत म्हणाले, "हितं तिचंच चालतं."