लिसिमाकोचा सैतान हसत नाही

(कोलंबियाच्या डोंगरातलं रिओसुसिओ गाव. सैतानाच्या उत्सवाला थोडे दिवस उरलेत. उत्सवातला सैतानाचा पुतळा दरवर्षी घडवणाऱ्या लिसिमाकोच्या कामाच्या खोपटात त्याची भाची ओतिलिया.)

ओतिलिया : मामा, हे काय करून ठेवलंय? तीन तोंडं? आणि प्रत्येकात एकेक माणूस?

लिसिमाको : सैतान आहे. सैतानासारखा दिसतोय.

ओतिलिया : आपला नाही हा! आपला नाचत येतो, महापौराची टर उडवतो, उसाची दारू मागतो. याला बघून शेजारची पोरं रडत पळाली. उत्सव समितीवाले म्हणतात, मामाला समजाव, नाहीतर पुतळा दुसऱ्याकडून करून घेतो.

लिसिमाको : घेऊ देत.

ओतिलिया : असं तोडून बोलू नका. झालंय काय?

लिसिमाको : तुझी मामी गेली, तेव्हा तिची बहीण शवपेटीपाशी बोलली. सगळ्यांदेखत. 'जन्मभर सैतान घडवलास, तोच घरात शिरला आणि हिला घेऊन गेला.'

ओतिलिया : दुःखात माणूस काहीही बोलतं, मामा.

लिसिमाको : असेल. पण मला वाटलं, आजवर मी खोटाच चेहरा केला. खरा हा. माणसं खाणारा.

ओतिलिया : पाहिलाय तुम्ही?

लिसिमाको : तुझ्या मामीनं, बेलार्मिनानं वाचून दाखवला होता, जाड पुस्तकातला. मला कुठं वाचता येतं! मी कागद चिकटवायचो, ती वाचायची.

ओतिलिया : मग तो तीन तोंडांचा कुणी केला? एका कवीनं. तो कवी गावानं हाकललेला, रागानं धुमसणारा. दुसऱ्यानं त्यालाच देखणा बंडखोर केला. तिसऱ्यानं त्याला भारी कपडे घालून पंडिताच्या दारी धाडला. बायबलात तर त्याचे खूरसुद्धा नाहीत! ज्याला जे सलत होतं, ते त्यानं सैतानाच्या अंगावर चढवलं.

लिसिमाको : मग हे माझं सलतंय म्हण.

ओतिलिया : म्हणते. सलणारच. पण मामींना आवडला असता हा?

लिसिमाको : पोट धरून हसली असती. म्हणाली असती, एवढी तोंडं, आणि गाणं एकातूनही येत नाही!

ओतिलिया : यंदाचं कवन मी लिहिलंय, चौकात म्हणायला. वाचून दाखवू?

लिसिमाको : वाच.

ओतिलिया :
दारात सैतान येऊन थांबला,
शिंगं उतरवून हातात धरली.
म्हणे, 'या घरची मला हसायची,
आज हसू नाही, आत कसा येऊ?'

लिसिमाको : ...कुणाचं घर हे?

ओतिलिया : तुम्हाला ठाऊक आहे.

लिसिमाको : शिंगं हातात. असा कुणी केला नाही अजून.

ओतिलिया : जमेल?

लिसिमाको : सांगाडा बांबूचा, तो राहील. दोन तोंडं बुजवायची, तिसऱ्यातला माणूस सोडवायचा. कागदाचा लगदा ओला आहे तोवर हात चालवायला हवा.

ओतिलिया : हसेल का तो?

लिसिमाको : लगेच कसा हसेल? आधी ओशाळेल. ढोल वाजले की मग बघू.

ओतिलिया : समितीला काय सांगू?

लिसिमाको : काम चालू आहे म्हणून सांग. पण आत्ता कुठं निघालीस? मामीच्या खुर्चीवर बस. आणि वाच परत, सावकाश.