चौघांतला एक

सगुणा : ते मना काय सांगू नका मास्तर. माझा पोरगा माझ्या हातात द्या, मी चालले. कान्हू तेवढा. बाकीचे तीन नकोत.

दिनानाथ : सगुणाताई, फुटबॉलची मॅच चालू हाय. अजून वीस मिनिटं आहेत. मधीच हात दाखवून माणूस उतरवायला ही काय एस.टी. आहे?

सगुणा : एस.टी.चंच सांगते. साडेचारची नागोठण्याची गाडी स्टँडावर लागलीय, बघून आलेय. तीत त्याला घालते आनी नेते. तुमच्यासंगं आगगाडीनं आला तर नागोठण्याला चौघं उतरतील.

दिनानाथ : चौघं कशाला उतरतील? आम्ही सगळे पेणला जाणार. आणि कान्हू तरी नागोठण्याला का उतरेल?

सगुणा : म्हंजे? तुमाला बोलला नाय तो?

दिनानाथ : काय बोलायचं होतं?

सगुणा : आमी गाव सोडला मास्तर. त्याच्या बापाला तिकडं नागोठण्याला कंपनीच्या कँटीनात पर्मनंट केलं. खोली घेतली, आज सकाळी टेम्पोतनं बिऱ्हाड नेलं. परवा सोमवार, कान्हूची शाळा तिकडंच. त्याला सांगितलावता, खेळून येताना नागोठण्याला उतर, आनी मास्तरांना तुझ्या तोंडानं सांग.

दिनानाथ : नाय सांगितलं. पहाटे स्टेशनवर भेटला, मान खाली. मला वाटलं झोप झाली नसेल.

सगुणा : सांगंल कसा? टेम्पोतला सामान उतरवला तर भांड्यांच्या गोणीमागं चार दप्तरं. चार ताटल्या. चार चादरी. कान्हू, नाथा, जनू, पोपट. तुमच्या गाडीला जायच्या आधी अंधारात टाकून गेली. आनी पाटीखाली कोंबडा. जिता.

दिनानाथ : कोंबडा?

सगुणा : पोपटाच्या घरचा. पायाला चिठ्ठी बांधलेली, ‘रोजच्या अंड्यांसाठी’. कोंबडा, मास्तर! सातवीतली पोरं. चौघं माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत संसार मांडणार आनी कोंबड्याची अंडी खाणार. म्हणून धावत आले. एकाला मैदानातनं उचलते, तवर बाकीची तीन खेळात असतील, त्यांना कळायचा नाय.

दिनानाथ : कळणार नाही? ताई, कान्हू इकडं चार पावलं आला की बाकीचे तिघं चार पावलं येतात. बघा, बघा आता! बॉल तिकडं गेला, गेले ना चौघं तिकडं? एकाच मापानं. चार महिने घेतले मी त्यासाठी.

सगुणा : दोरी बांधलीत तुमी त्यांना. गुरं बांधल्यासारखी.

दिनानाथ : बांधली. ऐकून तरी घ्या, का बांधली. गेल्या वर्षी ह्याच रोह्याच्या मैदानावर आम्ही चौदा-शून्यानं हरलो. चौदा! आमची अकराच्या अकरा पोरं बॉलच्या मागं, दाणे टाकल्यावर कोंबड्या धावतात तशी. मागं गोली एकटा. सहाव्या गोलानंतर तो गोलकडं पाठ करून रडत बसला. मी एरवी कंपनीत क्रेनखाली वजनं बांधतो. चार साखळ्यांवर लोखंडाची प्लेट उचलतात. एक साखळी सैल पडली तर प्लेट तिरकी होते, माणूस मरतो. मी म्हटलं, बॅकला चार पोरं आहेत, चार साखळ्या. चौघांच्या कमरेला एकच दोर, मधी चार-चार हात अंतर. बॉल डावीकडं, चौघं डावीकडं. एकानं बॉलवर जायचं, बाजूच्यानं त्याच्या पाठीशी, उरलेल्या दोघांनी आत सरकायचं. पुढं आले तर चौघं, मागं गेले तर चौघं.

सगुणा : आनी सोडायची कवा?

दिनानाथ : दसऱ्याला सोडली की! सोडून महिना झाला. पोरांना पत्ताच नाय.

सगुणा : पोरांना नाय, मना हाय. शाळेत बाईंनी जनूला फळ्याकडं बोलावला, चौघं उठली. बाईंनी चौघांना छड्या दिल्या. नाथाला ताप आला तर चौघांनी अंथरुणं धरली. तीन पोरांना ताप नाय काय नाय, उगाच कण्हतात! आनी माझा भाऊ आला वडखळवरनं, भाऊबीजेला, नवी टोपी घालून. दारात ही चौघं उभी. तो डावीकडनं शिरायला गेला, डावीकडं सरकली. उजवीकडनं गेला, उजवीकडं. पाऊण तास! शेवटी माणूस मागच्या गोठ्यातनं वाकून आत शिरला, तर चौघं एक पाऊल पुढं आली आनी हात वर करून ओरडली.

दिनानाथ : ऑफसाइड. लाइनच्या मागं कोणी आधीच शिरला की तसाच हात वर करायचा असतो.

सगुणा : हसू नका. भाऊ ओवाळून न घेताच वडखळला गेला. अजून बोलत नाय माझ्याशी.

दिनानाथ : चुकलं. पण ताई, लाइन किती सरळ राहिली असेल!

सगुणा : जळली तुमची लाइन. बोलवा कान्हूला. खेळ थांबलाय तसा.

दिनानाथ : बॉल नदीत गेलाय. काढायला माणूस उतरलाय. हे बघा, हैबतराव येतायत इकडं. स्पर्धेचे प्रमुख. रिटायर झालेले पी.टी.चे मास्तर. त्यांच्यासमोर कोंबड्याचं काढू नका.

हैबतराव : प्रशिक्षक आपणच ना? स्पर्धा समितीकडे यजमान संघाची लेखी हरकत दाखल झालेली आहे. वाचून दाखवतो. ‘पेणच्या संघाचे चार खेळाडू एकमेकांस अदृश्य दोरीने बांधलेले असून त्यामुळे आमच्या खेळाडूंना गोल करण्यास अडथळा होत आहे.’ यावर आपले म्हणणे?

दिनानाथ : साहेब, अदृश्य दोरी कुठं मिळते?

हैबतराव : प्रश्न समिती विचारील. दोरी होती की नव्हती?

सगुणा : होती! माझ्या डोळ्यांनी बघितलीय. निळी. नायलॉनची.

हैबतराव : या कोण?

दिनानाथ : डाव्या बॅकची आई.

हैबतराव : म्हणजे साक्षीदार आपल्याच बाजूच्या आणि साक्ष आपल्याच विरुद्ध. बाई, ती दोरी आज, या क्षणी, मैदानावर आहे काय?

सगुणा : नाय. ती सामानाला बांधून मीच नेली नागोठण्याला. दिसायला नाय, पण हाय. तुमी एकाला ओढून बघा, कळंल.

हैबतराव : नियमपुस्तिकेत न दिसणाऱ्या वस्तूंबद्दल कलम नाही. तरीही मी स्वतः तपासणी करून येतो. खेळाडूंमधून छडी फिरवून पाहणे हाच मार्ग दिसतो.

दिनानाथ : फिरवा साहेब, पाहिजे तेवढी फिरवा.

सगुणा : खरंच चालले की हो छडी घेऊन! आता काय करतायत?

दिनानाथ : नाथा आणि जनूच्या मधून छडी फिरवली. गेली आरपार. आता जनू आणि पोपट. गेली. वाकून कमरेखालून बघतायत. अरे देवा, स्वतःच मधून चालत गेले. आले परत.

हैबतराव : नोंद घ्या. छडी तिन्ही अंतरांतून आरपार गेली. मी स्वतःही आरपार गेलो. दोरी आढळली नाही. मात्र मी छडी डावीकडे नेली तेव्हा चारही खेळाडू डावीकडे सरकले, आणि मी परत निघालो तेव्हा चौघांनी हात वर केले. याचा अर्थ मला लागलेला नाही. हरकत फेटाळली. खेळ सुरू करा!

दिनानाथ : ताई, पंधराच मिनिटं. शून्य-शून्य आहे. चौदा गोल खाल्लेली पोरं आहेत ही. तुमची गाडी गेली तर मी माझ्या सायकलवर नेईन तुम्हाला.

सगुणा : सायकल पेणला हाय तुमची.

दिनानाथ : मग पायी नेईन.

सगुणा : पंधरा मिनिटं. एक जास्त नाय. आनी हे ओरडतंय कोण मघापासून? ‘वर! वर! सरक!’ कान किटले.

दिनानाथ : कोण म्हणजे? कान्हू.

सगुणा : कंचा कान्हू?

दिनानाथ : तुमचा. लाइन तोच चालवतो. त्यानं ‘वर’ म्हटलं की चौघं वर.

सगुणा : माझा कान्हू? घरात त्याला जेवलास का विचारला तर मान हलवतो. बालवाडीच्या बाई म्हणाल्यावत्या, पोराला वाचा आहे ना, एकदा डॉक्टरला दाखवा. आमी अलिबागला नेऊन आलोय त्याला.

दिनानाथ : पहिले तीन महिने इथंही मुकाच होता. दोर ओढून खुणा करायचा. एक झटका म्हणजे पुढं, दोन म्हणजे मागं. दोर सोडला त्या दिवशी त्यानं झटका द्यायला हात मागं नेला, हातात काहीच नाही. समोरून फॉरवर्ड सुटलेला. तेव्हा पहिल्यांदा ओरडला. गोली घाबरून पडला खाली.

सगुणा : म्हंजे त्याला कळलाय? दोरी नाय ती?

दिनानाथ : हां... त्याला एकट्याला कळलंय बहुतेक.

सगुणा : परत ओरडला. ऐका. आवाज बापासारखा हाय हो. खरखरीत.

दिनानाथ : आता बघा, त्यांचा नऊ नंबर सुटला. जनू बॉलवर गेला, नाथा त्याच्या पाठीशी... आत या, आत या! कान्हू आत आला. घेतला! बॉल घेतला! अरे, पाडला त्याला.

सगुणा : रक्त! गुडघा फुटला त्याचा! कान्हूऽऽ! इकडं ये! ये इकडं आधी!

दिनानाथ : ताई, नका हाक मारू! चौघं येतील! मागं एकटा गोली राहील!

सगुणा : कान्हूऽऽ!

दिनानाथ : झालं. निघाली. निघाली चौघं. चार महिने गेले पाण्यात.

सगुणा : थांबलाय तो. त्यांच्याकडं वळलाय. काय बोलतोय?

दिनानाथ : ‘तुम्ही नाय’ म्हणतोय. हातानं मागं ढकलतोय पोपटला. ‘तुम्ही नाय. तिघं पसरा.’

सगुणा : आनी येतोय एकटाच. लंगडत.

दिनानाथ : ये रे, बस. बस खाली. ताई, पाण्याची बाटली त्या पिशवीत आहे.

सगुणा : पदराची पट्टी पुरंल. हलू नको. लई झोंबतंय? मान नको हलवू, तोंडानं बोल. मगाशी सगळ्या रोह्याला ऐकू जात होतास.

दिनानाथ : त्याला आत्ता नका विचारू, तो तिकडं बघतोय. आणि मीही. ती तिघं अंतर वाढवून उभी राहिली. कान्हूची जागा भरली. हे मी शिकवलं नव्हतं. कुणालाच शिकवलं नव्हतं.

सगुणा : गेला की हा! मास्तर, पट्टीची गाठ तरी मारू द्यायची. कान्हू! गेला.

(शिट्टी होते. मग पेनल्टी किक होतात. मग मैदान रिकामं होत जातं.)

हैबतराव : अधिकृत निकाल. निर्धारित वेळेत शून्य-शून्य. टाय-ब्रेकरमध्ये यजमान संघ तीन, पेण शून्य. पेण पराभूत. प्रशिक्षक, एक विचारू? आपल्या मुलांनी एकही चेंडू गोलकडे मारला नाही. एकाने तर स्वतःच्या गोलीकडे परत दिला.

दिनानाथ : साहेब, मारायचं शिकवायचं राहूनच गेलं. चार महिने नुसतं अडवायचं चाललं होतं.

हैबतराव : आणि तरी ती मुले त्या गोलीला खांद्यावर घेऊन नाचत आहेत. पराभूत संघाने किती वेळ नाचावे, याबद्दलही कलम नाही. माझ्या तीस वर्षांत असे... असो. छडी विसरली होती, न्यायला आलो. त्या चौघांना सांगा, छान उभे राहतात.

दिनानाथ : सांगतो. पण उद्यापासून तिघंच.

हैबतराव : का? चौथ्याचे काय?

सगुणा : चौथा माझा हाय. आमी गाव सोडलाय.

हैबतराव : अरेरे. बाई, बदली खेळाडूचा नियम आहे, पण... नाही, तो इथे लागू पडणार नाही. येतो मी.

दिनानाथ : ताई, तुमची साडेचारची गाडी गेली. पावणेसहाची पॅसेंजर आहे आमची. निघू या सगळे. आणि घाबरू नका, तिघांना मी धरून ठेवतो. नागोठण्याला दारात उभा राहीन. उतरू देणार नाही.

सगुणा : तुमी एकटे तिघांना कसे अडवाल?

दिनानाथ : ते मलाच शिकायला पाहिजे. पोरांना मगाशी विचारलं मी, कोंबडा का नेलात. जनू म्हणाला, ‘कान्हूला नव्या घरात पहाटे कोण उठवणार?’ अंड्यांचं पोपटनं मनानं लिहिलं.

सगुणा : कान्हू कुठाय?

दिनानाथ : त्या नळावर. तिघं त्याचा गुडघा धुतायत. एक पाणी घालतो, एक पाय धरतो, एक नुसताच उभा आहे.

सगुणा : काय बोलतायत?

दिनानाथ : तोच बोलतोय. तिघांना खाली बसवून सांगतोय. लाइन कोणी चालवायची, ‘वर’ कधी म्हणायचं. नाथाला म्हणायला लावतोय. नाथाचा आवाज फुटत नाय अजून. परत म्हणायला लावलं.

सगुणा : किती वेळ चालंल ते?

दिनानाथ : एका दिवसात व्हायचं नाय. पण बोलावतो त्याला. तुमचं बिऱ्हाड उघडं पडलंय तिकडं. चला, तुमचं नागोठण्याचं तिकीट काढायला पाहिजे.

सगुणा : आनी कान्हूचं? सकाळी काढलावता ना तुमी, सगळ्यांचं?

दिनानाथ : ते पेणचं. जायचं-यायचं.

सगुणा : मग हाय की. पेणपर्यंत काढलेला तिकीट कशाला वाया घालवायचा? रविवार हाय उद्या. नागोठण्याला मी एकटीच उतरते.