जाहिरात लागू दे

नाही फादर, ते तुम्हाला नाही हसले — शपथ घेऊन सांगतो — आणि ताईलाही नाही. बसा तुम्ही. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, इकडे बाकावर बसा, कपडे सरकवा बाजूला. तुमच्या झग्याचा एवढा हा मेणाचा डाग काढतो आणि देतो. डागावर रद्दी कागद, कागदावर गरम इस्त्री — मेण कागदात उतरतं. ताईनेच शिकवलं. तुमचा झगा आला की तिचं तोंड सुटायचं — हा माणूस मेणबत्त्या पेटवतो की अंगावर ओतून घेतो? — माफ करा, पण म्हणायची. तर ते हसणं. चूक माझी आहे. तुम्ही ताईच्या मातीच्या आदल्या दिवशी विचारलंत ना, ताईची एखादी आठवण सांग, उद्या बोलायला बरं — आणि मी सांगितली. चोराची. तुम्ही ती एवढी जीव लावून सांगितलीत — चोर दोरीवरचं गिऱ्हाइकाचं ब्लँकेट ओढत होता आणि ताई त्याला म्हणाली, ते ओलं आहे रे, थंडी वाजेल, हे वाळलेलं घे. आणि मागच्या बाकावर आमच्या इमारतीतला खाटीक फिस्सकन हसला. तो का हसला माहितेय? तो चोर टीव्हीतला आहे, फादर. बुधवारच्या मालिकेतला.

तुम्ही बघत नाही? खरंच? अहो, तुमच्यावरच आहे ती! म्हणजे तुमच्यासारख्यावर. एक जाडा फादर, सायकलवरून पडतो, प्रवचनाचा कागद विसरतो, बायकांना घाबरतो. आम्ही त्याला भोपळा म्हणायचो. अख्खी इमारत बघते. भिंती अशा पातळ, की वरच्या मजल्यावरच्या आजी हसल्या की आमच्या पत्र्यावर धूळ पडते. भोपळ्याने प्रार्थना म्हटली की आजी हात जोडतात — टीव्हीला! बसवाले काका म्हणतात, ही धर्माची टिंगल आहे, बंद करायला पाहिजे — आणि एक भाग चुकवत नाहीत, कामाची पाळी बदलून घेतात. खाटकाचं म्हणणं, भोपळ्याला एकदा तरी राग यायला हवा, माणूस आहे की दही? गुरुवारी सकाळी सगळे कपडे टाकायला येणार आणि इथे, या टेबलाशी भांडणार. आणि ताई? ताई तर भोपळ्याला अशा शिव्या घालायची की विचारू नका. अरे ढोल्या, पकड त्याला, मान धर त्याची! चोर आला तेव्हा हेच ओरडली. आमच्याकडे खरा चोर आला असता ना, तर तिने इस्त्री फेकून मारली असती. गरम.

मग खोटं का सांगितलं? कारण तुम्ही वही उघडून बसला होतात. आणि मला काही आठवेना. म्हणजे आठवत होतं — मला चपलेने मारलेलं, तिसरीत शाळा सोडली म्हणून चार दिवस बोलली नाही ते, बसवाल्या काकांचा शर्ट जाळला आणि उलट त्यांनाच झापलं ते — हे काय सांगायचं चर्चमध्ये? तुम्हाला काहीतरी मऊ पाहिजे होतं. माझ्या डोक्यात मऊ म्हणजे भोपळा, चोराला वाळलेलं ब्लँकेट देणारा. आलं तोंडात, बोलून गेलो. वाटलं, कोणाला कळणार आहे. अख्ख्या इमारतीने तो भाग तीनच दिवसांपूर्वी बघितला होता, हे डोक्यातच आलं नाही — एवढा मी हुशार.

आणि तरीही सगळे गप्प बसले असते, फादर. खाटकानेसुद्धा तोंडावर रुमाल धरला होता. पण तुम्ही म्हणालात, तो चोर पुन्हा कधीच दिसला नाही — आणि आजी उठून उभ्या राहिल्या. काठी आपटून म्हणाल्या, दिसला की! दुसऱ्या दिवशी घडी घालून परत आणलं त्याने ब्लँकेट! मग कोण थांबतंय? काका हसले, काकू हसल्या, पेटी उचलणारे हसले. मीसुद्धा हसलो. पहिल्या बाकावर बसून. सख्ख्या बहिणीच्या —

नाही, मला माहीत नव्हतं. शेवट मला माहीत नव्हता. मी बघितलाच नाही ना.

का म्हणजे? नाही बघितला. त्याच बुधवारी ती — म्हणजे संध्याकाळपासून खांदा चोळत होती. मी म्हटलं, इस्त्रीचा खांदा आहे, दुखणारच. मग चोर आला, ती ओरडली, आणि म्हणाली, छातीत कसंतरी होतंय रे, चल जरा दवाखान्यात. आणि मी — टीव्हीकडेच बघत — मी म्हटलं, जाहिरात लागू दे. एवढंच. जाहिरात लागू दे, मग जाऊ. आणि ती थांबली, फादर. जन्मात माझं एक ऐकलं नाही त्या बाईने, आणि हे ऐकलं. जाहिरात लागली तेव्हा तिचा हात थंड होता. मागच्या दाराने टॅक्सीत घातली, बोंब मारली, एक दार उघडलं नाही — सगळे शेवट बघत होते.

डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता. तेही तुमच्यासारखेच, गोड बोलणारे. नको — तुम्ही काही बोलू नका. तोंड उघडू नका, हात जोडतो. तुम्ही आता अगदी भोपळ्यासारखं काहीतरी बोलाल आणि मी पुन्हा हसेन. नाहीतर इस्त्री फेकेन. काय सांगता येत नाही माझं.

ऐका. लागली बघा भिंतीपलीकडे. आज बुधवार. आजी बसल्या आता हात जोडून. आमचा टीव्ही मी कपड्याखाली झाकून ठेवलाय.

घ्या, डाग गेला. झाला तुमचा — अहो थांबा, तो नका नेऊ, त्याच्या बाह्या धुतल्यात, ओल्या आहेत अजून. अंगाला थंड लागेल. हा तुमचा मागे टाकलेला दुसरा घ्या, हा वाळलेला —

काय बघताय असे?

ती रोज म्हणायची हे. प्रत्येक गिऱ्हाइकाला. ओलं नेऊ नका, मरायचंय का थंडीने — ओरडून, शिवी देऊन, पण म्हणायची. रोज. आणि मला एक आठवण सापडेना —

निघा, फादर. निघा म्हटलं ना. जाताना दार नका लावू.